मिशीवाली मातामाय

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं, त्याची आधीच माफी. वही कोणाला दाखवायची नाही. पण त्या रविवारचं तोंडाने सांगायची हिंमत होत नाही, म्हणून लिहिते.

नागऱ्याच्या महादेवाचं दर्शन घेऊन मी, माझी मुलगी आणि धाकटी नणंद पुढच्या एका बागेत गेलो. तिथे जमिनीतून निघालेल्या जुन्या देवळाचे पडके चौथरे आहेत आणि पोरांसाठी झोके. नणंद मुलीला झोका देत होती. तिथून आम्हाला गोंदियाला जाऊन नणंदेची शिलाई मशीन घ्यायची होती. जंगलात विडीचा तेंदूपत्ता तोडून जमवलेले तिचे पैसे पर्समध्येच होते.

मी एकटीच फिरत गेले. झाडाखाली एक कोरीव दगड उभा होता. गळ्यात माळा, हातात काहीतरी, नाक तुटलेलं. अंगावर ना कुंकू ना फूल. आमच्या गावात वेशीवरच्या देवीला, मातामायला, असं कोरडं कोणी ठेवत नाही. मारुतीसाठी आणलेला तेलातला शेंदूर डबीत उरला होता. तो मी डोक्यापासून पायापर्यंत नीट लावला.

"ओ बाई! हे काय करून राहिल्या जी?" चौकीदार धावत आला.

"मातामाय..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"कायची मातामाय! मिशा नाही दिसल्या? देवळाच्या दारावरचा पहारेकरी आहे तो. माझ्यासारखाच ड्यूटीवर. इतने साल से खड़ा है, अजून कोणी हात नव्हता लावला!"

खरंच मिशा होत्या. हात पदरात लपवले, तर पदरही लाल झाला. कितीतरी पिढ्या मातीत आणि ऊनपावसात टिकलेला तो माणूस मी पाच मिनिटांत बिघडवला होता.

चौकीदार बागेच्या साहेबांना बोलवायला गेला. तेवढ्यात दोन अनोळखी बायका आल्या. ताजा शेंदूर बघून त्यांनी चपला काढल्या, डोकं टेकलं, एकीने दहाची नोट ठेवली. नका, नका, असं ओरडावंसं वाटलं. पण मी बघतच राहिले.

साहेब म्हणाले, तेल दगडात मुरतं, साफ करणारा माणूस बोलवावा लागेल, तीन हजार भरा, पावती देतो. माझ्याजवळ साठ रुपये होते. गलका ऐकून मुलीला घेऊन आलेल्या नणंदेने पर्स उघडली.

"रडू नको वयनी. मशीन कुठं पळून जाते? पण दादाले सांगीन हो, तुमची बायको चौकीदाराले शेंदूर लावते!"

मला हसू आलं नाही. मशीन येणार म्हणून तिने गावातल्या दोघींचे ब्लाउज शिवायला घेतले होते, ते कापड तिला परत करावं लागलं. ते मी दारात उभी राहून पाहिलं.

पावसाळ्यात मी लोकांच्या बांध्यांमध्ये भात रोवायला गेले. दर शनिवारी मजुरी मिळाली की तिला द्यायची. रोवणे संपले त्या दिवशी शेवटचे चारशे दिले. ती न मोजता ठेवत होती, मीच मोजायला लावले. तीन हजार पूर्ण फिटले.