ब्युमॉन्टचं चायनीज आणि माझा शुक्रवार

लॉकडाऊनमध्ये काहीच घडत नव्हतं असं लोक म्हणतात. आमच्या डब्लिनमधल्या ब्युमॉन्टच्या घरात दर शुक्रवारी काहीतरी घडायचं, आणि चायनीजच्या रिकाम्या डब्यांसारखं साठत जायचं. डबे आम्ही टाकत नाही. मराठी माणूस झाकण असलेलं प्लास्टिक टाकत नाही, देश कुठलाही असो. आज त्यातले थोडे उघडते.

घरात माणसं चार. मी, लग्न होऊन दोन महिने झालेली. नवरा निखिल, जो इतकी वर्षं आयर्लंडमध्ये राहून एकच शब्द नीट शिकलाय, 'ग्रँड', म्हणजे तिकडचं 'ठीक आहे'. त्याचा नागपूरचा मित्र पराग, जो वरच्या छोट्या खोलीचं भाडं देतो, कारण डब्लिनमध्ये नवीन लग्नालाही तिसरा माणूस लागतो. आणि सासूबाई, ज्या 'संसार लावून द्यायला' सांगलीहून महिन्याभरासाठी आल्या. मग विमानं बंद झाली आणि संसार लावणं लांबलं.

मी मुळात कमी बोलते. त्यामुळे मला स्वयंपाक आवडतो असा सगळ्यांचा समज झाला. चौघांचं दोन वेळचं, वर चहा आणि परागची "काहीतरी चटपटीत" ही फर्माईश. फक्त शुक्रवारी संध्याकाळी गॅस बंद, कारण शुक्रवारी कोपऱ्यावरचं चायनीज यायचं. तो एक शुक्रवार सोडून माझ्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं.

*

पहिल्या शुक्रवारी मी मनात पुण्याची हातगाडी घेऊन बसले होते. लालभडक शेजवान, मंचुरियन, वर कोबी भुरभुरलेला. आली एक कागदी पिशवी. फाडली तर आत बटाट्याचे चिप्स, म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज! त्यात तळलेलं चिकन, कांदा, ढोबळी मिरची आणि वरून कसलीशी लाल पूड.

"स्पाइस बॅग," परागने ओळख करून दिली. "आयर्लंडचं नॅशनल चायनीज."

मी विचारलं, "चीनला कळवलंय का?"

लग्नानंतर घरात मी बोललेलं ते पहिलं मोठं वाक्य असावं. निखिल बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

*

परागला मात्र मंचुरियनच हवं होतं. तो दुकानात जाऊन काउंटरवरच्या बाईंना समजावायला लागला की कोबी किसायचा, गोळे तळायचे, काळपट ग्रेव्हीत सोडायचे. मागे लोक दोन-दोन मीटरवर ताटकळत उभे. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग अस्सल डब्लिनच्या उच्चारात म्हणाल्या की त्यांचे आईवडील हाँगकाँगचे, त्या स्वतः इथल्याच, आणि असला पदार्थ दोन्हीकडे कोणी करत नाही. इंडियन आहे का तो?

पराग घरी आला तो रागातच. "वहिनी, चिनी लोकांनाच चायनीज येत नाही!"

*

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. त्या पक्क्या शाकाहारी. आम्ही चिकन खातो हे त्यांना माहीत होतं. त्यावर त्यांचा एकच नियम, "तुम्ही काय खाता ते मला दाखवू नका, सांगूही नका." पण बाहेरचं त्या सहसा खायच्या नाहीत, आणि सून म्हणून त्यांच्यापुरतं ताजं करणं माझ्याकडे आलं. म्हणजे शुक्रवारीही गॅस चालू. मी निखिलला म्हटलं, आईंना आवडेल असं काहीतरी शोध, नाहीतर माझा शुक्रवार गेला. निखिल म्हणाला, "ग्रँड."

त्याने व्हेज फ्राइड राइस मागवला. इथे अंडं हे व्हेजच्या जवळपासचं काहीतरी समजत असावेत. सासूबाईंनी चमच्यावर एक पिवळा तुकडा उचलून प्रकाशात धरला.

"पनीर आहे, आई," निखिल म्हणाला.

"पनीरला कावीळ झालीय का?"

त्या रात्री मी मुगाची खिचडी टाकली. घरी आलेल्या चायनीजसमोर बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकण्यात एक वेगळाच रोमान्स असतो. नवविवाहितांनी अनुभवून बघावा.

*

पुढच्या शुक्रवारी करी चिप्स आले. निखिलच्या आयरिश मॅनेजरने झूमवर खास शिफारस केली होती, "तुम्ही इंडियन, तुम्हाला घरची आठवण येईल." चिप्सवर ओतलेला पिवळा, गोडसर, घट्ट रस. सासूबाईंनी बोटाचं टोक लावून चाखला.

"पिठलं करायला घेतलं आणि मध्येच कोणाचा तरी फोन आला," त्यांनी निदान केलं.

मी गॅसकडे वळले.

*

त्यानंतरचा शुक्रवार संकष्टीचा. बटाटा उपासाला चालतो, तेव्हा साधे चिप्स चालावेत, असा युक्तिवाद परागने मांडला. वकील व्हायचा राहिला बिचारा. सासूबाईंनी विचारलं, "तेल कुठलं?" आणि आमच्याकडच्या वकिलाने केस मागे घेतली.

पण ऑर्डरबरोबर दुकानाने एक पिशवी फुकट टाकली होती. पांढऱ्या, हलक्या, फुललेल्या चकत्या. सासूबाईंनी एक उचलली. कुरकुर आवाज झाला. दुसरी उचलली.

"या साबुदाण्याच्या पापड्या बऱ्या जमल्यात यांना."

साबुदाणा नव्हे, त्या कोळंबीच्या पापड्या. प्रॉन क्रॅकर्स. परागने सांगायला तोंड उघडलं आणि मी त्याच्या तोंडासमोर चिप्सचा डबा धरला. निखिल छताकडे बघत होता. मी फक्त एवढंच म्हटलं, "आई, अजून देऊ?"

पिशवी संपली. त्या दिवशी गॅस पेटला नाही.

*

तेव्हापासून शुक्रवार पक्का झाला. सासूबाईंना साधा भात, भाज्या आणि 'पापड'. सांगलीच्या नणंदेजवळ व्हिडिओ कॉलवर पापडाचं कौतुक व्हायचं, की फुलतात बघ कसे, आपल्यासारखे तेलकट नाहीत. नणंद रेसिपी मागायची. मी म्हणायचे, नेटवर्क जातंय.

रात्री मी निखिलला विचारायचे, सांगायचं का? पाप त्यांना लागेल की आपल्याला? तो म्हणायचा, तू सांग. मी म्हणायचे, आई तुझ्या. मग दोघंही झोपून जायचो. शुक्रवार उजाडला की मला वाटायचं, आजचा जाऊ दे, पुढच्या आठवड्यात नक्की सांगू.

*

शेवटी विमानं सुरू झाली आणि त्यांचं तिकीट निघालं. जायच्या आधीच्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, आज दुकान मलाही बघायचंय. नऊवारीची हौस नसलेल्या, पाचवारीवर निखिलचं जाड जॅकेट घातलेल्या, मास्क लावलेल्या सासूबाई माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. मी सगळा रस्ता एकच प्रार्थना करत आले होते की काउंटरवरच्या बाईंनी त्या पिशवीचं नाव घेऊ नये.

नंबर आला. मी घाईघाईने आमची ऑर्डर सांगितली. बाईंनी विचारलं, आणखी काही?

मी नाही म्हणणार तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. स्वच्छ, शाळेत धडा वाचावा तशा इंग्रजीत म्हणाल्या, "प्रॉन क्रॅकर्स. टू बॅग्ज, प्लीज."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी मास्क नाकावर नीट केला. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "मी आधीच नाव घेतलं असतं, तर दर शुक्रवारी पुन्हा गॅस पेटवला असतास ना तू?"