टाच बुटाची होती

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पोरींनासुद्धा नाही. आता तुला सांगतोय, गड्या, पण मला बरं म्हणायचं नाही — आधीच सांगून ठेवतो.

फौजेतून सुटल्यावर मी शिरवळच्या बाजूला एका गोल्फच्या मैदानावर माळी होतो. माझी बायको हौसा तिथंच रोजंदारीवर. भोकाभोवती बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. त्यावर पळायचं नाही, पाय घासायचा नाही. दुसऱ्याचा चेंडू ज्या वाटेनं भोकात जायचा, त्या वाटेवर तर पाय टाकायचाच नाही. हौसा तिथं अनवाणी बसून तण उपटायची. कुठं उंच, कुठं खोल, तिच्या तळव्याला कळायचं. मला बारा वर्षांत कळलं नाही!

रोज सकाळी जुनं भोक बुजवून नवं पाडायचं, हे माझं काम. त्या दिवशी सामने होते. घाईत बुजवलेलं बोटभर वर राहिलं, म्हणून मी त्यावर बुटाची टाच हाणली. खड्डा पडला. तसाच सोडला. मोठ्या साहेबांचा चेंडू नेमका त्यात अडखळला. साहेब ओरडले — कुणी केलं हे?

आणि मी काय बोललो? "आमच्या मंडळीनं पाय दिला, साहेब. बाईमाणूस, तिला काय कळतंय?"

हौसा तिथंच उभी होती. अनवाणी. ठसा बुटाचा — कुणी वाकून बघितलं असतं तर? कुणी वाकलं नाही. तिला ग्रीनवर बंदी झाली. कुंपणाकडेला पाचोळा गोळा करायला लावली.

घरी एवढंच म्हणाली, "आवं, माझ्या पायात कवा बूट बघितला हुता?" पुढं साहेब बदलले, बंदी उठली, मी स्वतः बोलवायला गेलो. आली नाही. परत कधीच नाही.

नोकरी जाणार होती का माझी? नाही. चार शिव्या बसल्या असत्या. भ्यालो म्हणू? तेही नाही. आपलीच आहे, जाईल कुठं — असं वाटलं. बास. याच्यापुढं कारण नाही, आणि कुणी शोधूनही देऊ नये.

औंदा ती गेली. दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, लय समाधानानं गेली, काही मागं राहिलं नव्हतं तिचं. मी मान हलवली.

माझ्याकडं काही मागायचं तिनं त्या दिवशीच सोडलं होतं.