वडेवाल्याचं पित्त

लोणावळ्यात स्टेशनकडून बाजारात येताना माझी वडापावची गाडी लागते. शनिवार-रविवारी तिथं मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका रविवारी दुपारी घाणा काढताना माझ्या छातीत आग उठली. जळजळ मला नवी नव्हती, पण ही घशापर्यंत आली आणि डाव्या बाजूला जड वाटायला लागलं. मी झारा बायकोच्या हातात दिला आणि तेलाच्या डब्यावर बसलो. रांगेतल्या एका गृहस्थानं माझा चेहरा पाहिला आणि मला सरळ आपल्या मोटारीत घालून दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर त्यांची मुलं माझेच वडे खात होती. त्या वासानं मला आणखी मळमळलं, पण बोलणार काय?

डॉक्टर तरुण होते, इथं नवीनच आलेले. त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. हे पित्त आहे. बाहेरचं तळलेलं खाता का?"

"रोज."

"म्हणजे काय, वडापाव वगैरे?"

"वडेच."

"मग ते आधी बंद करा. त्या गाडीकडे फिरकूसुद्धा नका."

"गाडी माझीच आहे, डॉक्टर."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मी दारापर्यंत पोचल्यावर विचारलं, "कुठं असते तुमची गाडी?"

बातमी बाजारभर झाली आणि गाडीवर औषधांचा पाऊस सुरू झाला. एक निवृत्त मास्तर रोज दोन वडे खायचे. दुसऱ्या वड्याचा घास तोंडात असतानाच ते म्हणाले, "गार दूध. साखर न घालता. एका मिनिटात आराम." शेजारचा चिक्कीवाला चटणी चाटत म्हणाला, "ओवा आणि काळं मीठ." सकाळी फिरायला जाणाऱ्या एका बाईंनी लिंबू-मधाचं पाणी सांगितलं आणि जादा तळलेली मिरची मागून घेतली.

मी सगळं केलं. गार दुधानं घटकाभर बरं वाटायचं, मग जळजळ दुप्पट उसळायची. ओव्यानं गॅस सुटला, आग तशीच राहिली. अनशापोटी लिंबू घेतलं त्या दिवशी तर मी मास्तरांना वडा द्यायच्या ऐवजी स्वतःच छाती धरून उभा राहिलो.

कुरवंड्याहून सासूबाई आल्या. जावयाच्या छातीत दुखलं एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं, त्यामुळे चेहरा दुखवट्याला आल्यासारखा होता. सोबत ज्वारीच्या लाह्या आणि मोरावळ्याची बरणी. लाह्या पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून त्यांनी माझ्या हातात दिलं. "पावनं, घोट घोट घ्या. घाई करू नगा." खरंच बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी गाडीवर गेलो की पुन्हा तेच.

म्हणून त्या एक दिवस आमच्याबरोबर आल्या आणि गाडीमागं स्टुलावर बसल्या. मी नेहमीसारखा आधी कडक चहा घेतला. मग ठेच्याची चव बघितली, लसणीच्या चटणीची बघितली, भाजीतलं मीठ बघितलं, पहिल्या घाण्यातला वडा फोडून खाल्ला. दुसऱ्या घाण्यातलाही. दुपार टळेपर्यंत त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मग लेकीला म्हणाल्या, "ह्यो मानूस सकाळधरनं जेवलाच न्हाई. आन प्वाट तर मिरचीनं भरलंय."

बायकोनं माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "उद्यापासून चव मी बघणार."

"तुला तिखट सोसत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला तरी कुठं सोसतंय? आणि दर वर्षी मिरची वाढवताय. जीभ मेलीय तुमची, तुम्हाला लागतच नाही."

जळजळीवरची एवढी औषधं माझ्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ कशी, हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत पडलाच नव्हता.

आता मी घरून भाकरी आणि दुधीची भाजी खाऊन निघतो. दुपारी जिरं घातलेलं ताक आणि मऊ भात. अंधार पडायच्या सुमारास जेवून घेतो आणि लगेच आडवा होत नाही. गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. चटणी बायको करते. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी तक्रार केली, "पूर्वीचा दम राहिला नाही." मग त्यांनी तिसरा वडा मागितला. अलीकडे ते तीनच खातात आणि गार दुधाचं नाव काढत नाहीत.

परवा जेवण झाल्यावर मला वडा खावासा वाटला. चव बघायला नव्हे, नुसताच खायला. असं मला गाडी टाकल्यापासून कधी वाटलं नव्हतं. बायकोनं मला गाडीच्या पुढं जाऊन रांगेत उभं राहायला लावलं आणि नंबर आल्यावर एक वडा पावात घालून दिला. सावकाश खाल्ला.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

"तिखट कमी आहे."

"मग बरोबर झालाय," ती म्हणाली आणि माझ्या मागच्या माणसाकडे वळली.