मिसिसिपीकाठची पांढरी

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून निघालो. आबांनी मांडीवर भाकरीचा डबा घेतला होता आणि खिशात चहापावडरीची पुडी. परक्याच्या घरी जायचं तर आपला बोजा नको, असं त्यांचं म्हणणं.

"किती लांब हाय गं सुमे?"

"साडेसहा तास. मीच ड्राइव्ह करणार."

"मग मी झोपत न्हाई," आबा म्हणाले. "भ्यालो म्हणून न्हवं. लेक गाडी चालवतीया हे बघायलाच तर इमानातनं आलोय."

२००६ सालची ही गोष्ट. आबा आणि आई पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. आई नातवापाशी घरी थांबली, आणि आम्ही बापलेक आयोवा राज्य उभं ओलांडून इलिनॉयला निघालो.

ह्या प्रवासाचं मूळ माझ्या एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य सरळ नव्हतं. लहानपणापासून कुणी वडिलांचं विचारलं की आम्ही भावंडं सांगायचो, "आबा उत्खननावर आहेत." पुण्याचे प्राध्यापक हिवाळ्यात घोडनदीकाठचं टेकाड खोदायला यायचे, तिथे आबा मजूर होते. वीसेक हंगाम. गावात सगळ्यांना त्याचा अर्थ कळायचा. ऑफिसात जेवताना केंटने विचारलं तेव्हा मी तेच वाक्य इंग्रजीत केलं. इंग्रजीत गेल्यावर ते एकदम शिकलंसवरलं झालं. "म्हणजे आर्किऑलॉजिस्ट!" केंट म्हणाला. मी भाताचा घास गिळला आणि गप्प बसले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते, मिरवण्यासारखंच आहे. पण त्या दिवशी मिरवताना मी आबांनाच बदलून टाकलं.

केंट माझ्याच टीममध्ये. तो मॉर्मन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतच सुरू झालेला हा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या ग्रंथात येशूच्याही कितीतरी आधी जेरुसलेमहून समुद्रमार्गे अमेरिकेत आलेल्या लोकांची हकिगत आहे: त्यांची शहरं, घोडे, पोलादी तलवारी, मोठमोठ्या लढाया. खोदकाम करणारे बहुतेक अभ्यासक म्हणतात, त्या काळच्या अमेरिकेत ना असे घोडे सापडतात, ना पोलाद. मानणाऱ्यांतले काही म्हणतात, अजून सगळं खोदलंय कुठे? कुणी ती शहरं मध्य अमेरिकेत शोधतो, कुणी मिसिसिपीच्या खोऱ्यात, आणि कुणाला त्यातली शिकवणच पुरते.

केंटचे वडील वर्न मिसिसिपीवाल्यांपैकी. त्यांची शेती नदीच्या पलीकडे, मॉर्मन लोकांच्या एका जुन्या गावाजवळ. मागच्या पानगळीत शेतातल्या पाण्याचा निचरा करायला चर खणला, तेव्हा टेकाडाच्या कडेला त्यांना एक लोखंडी पातं सापडलं. वर्नना वाटत होतं, ही ग्रंथातलीच तलवार. आम्ही पोचणार त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये ते सगळ्यांना पातं दाखवून बोलणार होते. त्याआधी एखाद्या जाणकाराने बघावं, अशी त्यांची इच्छा. केंटने जाणकार म्हणून आबांचं नाव कळवून टाकलं होतं. खुद्द केंट कामासाठी ऑफिसात अडकला होता, त्यामुळे खरं काय ते सांगायला तिथे मी एकटीच असणार होते.

आयोवात शिरलो आणि दोन्ही बाजूंना नुसतं काळं रान. पेरणी झालेली, ओळी आत्ताच दिसू लागलेल्या. आबा काचेला नाक लावून बसले.

"समदी काळीच हाय की गं. मग पांढरी कुटं ठेवली ह्यांनी?"

काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, शेण, पडक्या भिंती मुरून तिथली माती भुरकट होते. आबांचं सगळं शिक्षण ह्या दोन शब्दांत झालं होतं.

फोर्ट मॅडिसनजवळ मिसिसिपी आडवी आली. तिथला जुना पूल बोट यायची झाली की मधला तुकडा आडवा फिरवून वाट देतो. आमच्या नशिबी नेमकी बोट आली. गाड्यांची रांग लागली. आबा खाली उतरून, डोक्यावर गांधीटोपी चढवून, नदी बघत उभे राहिले. शेजारच्या पिकअपमधला माणूस मला म्हणाला, "टोपी मस्त आहे. आइस्क्रीमच्या दुकानात होते का?" इकडे जुन्या आइस्क्रीमच्या दुकानांत विकणारे तशीच पांढरी टोपी घालायचे.

"नाही, ते..." मी म्हटलं आणि पुढचा शब्द सापडेना. आर्किऑलॉजिस्ट म्हणवेना, मजूर म्हणवेना.

"काय म्हंतोय?" आबांनी विचारलं.

"टोपी मस्त आहे म्हणतो."

"हाय मग. सांग त्याला, आजच इस्त्री केलीया."

दुपारी एकला पोचलो. वर्न अंगणात उभेच होते. उंच, वाकलेले, हाताची बोटं आबांच्या बोटांसारखीच जाड. आबांनी घर, कोठार, ट्रॅक्टर आणि पलीकडचं रान एका नजरेत मोजलं आणि हात जोडले. "राम राम, पाटील."

"पाटील म्हणजे काय?" वर्ननी विचारलं.

"गावातला मानाचा माणूस," मी म्हटलं. वर्नचे कान लाल झाले.

त्यांच्या बायकोने, अडेलबाईंनी, कॅसरोल (बटाटा, चीज आणि मलई घालून भट्टीत भाजलेला पदार्थ) केलं होतं, शेजारी हिरवीगार थरथरणारी जेली. आबांनी जेलीला चमच्याने हलकेच टोचून बघितलं. "ही जित्ती हाय का?" मी अनुवाद केला नाही, तरी अडेलबाई हसल्या. मग आबांनी खिशातून पुडी काढून पुढे केली. मॉर्मन लोक चहा-कॉफी पीत नाहीत, हे मी त्यांना सांगायचंच विसरले होते. कानात सांगितलं.

"चहा न्हाई? मग ह्यांच्यात पाव्हणा आल्याचं कळतं कसं?"

हे मात्र मी इंग्रजीत सांगितलं. अडेलबाईंनी त्यावर आलं घालून दूध उकळलं आणि मोठा मग भरून आबांच्या पुढे ठेवला. आबांनी पुडी पुन्हा खिशात घातली. "जमलं," म्हणाले.

मग वर्ननी मखमलीच्या कापडात गुंडाळलेलं पातं आणलं. हातभर लांब, गंजलेलं, टोकाला निमुळतं. ते टेबलावर ठेवताना त्यांचे हात इतके हळू चालत होते की मला खाली बघावंसं वाटलं. आपल्याकडे जुनं लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणतात. मी स्वतः दहावीपर्यंत मानत होते. त्यामुळे हसण्याचा हक्क मला नव्हता.

आबांनी पात्याला हातसुद्धा लावला नाही. "जागा दावा आदी."

चर टेकाडाच्या कडेने गेला होता. एवढ्याशा उंचवट्याला मी टेकाड म्हटलं नसतं. पण आबा चपला काढून त्यावर चालले, पायाच्या तळव्याने बघत असल्यासारखे. मग चरात उतरले आणि खुरपं मागितलं. अडेलबाईंनी फुलझाडांचं छोटं खोरं दिलं. चराच्या भिंतीवर पाणी शिंपडून आबा वरून खाली माती तासू लागले, भाकरीवर तूप फिरवावं इतक्या हलक्या हाताने. अर्धा तास गेला. वर्न वर गुडघ्यांवर हात टेकून बघत होते. हळूहळू ओल्या भिंतीत एक रेघ उमटली. वरच्या काळ्या मातीतून निघून ती पिशवीसारखी खाली उतरली होती.

"पातं ह्या पिशवीत हुतं न्हवं?" आबांनी बोट ठेवलं. मी विचारलं. वर्ननी मान हलवली.

"मग ते खालच्या थरातल्या लोकांचं न्हाई. कुणीतरी मागनं वरनं खड्डा केलाय, आन त्यात ते पडलंय. सांग त्यांना."

मी सांगितलं. वर्ननी वाकून रेघ निरखली. मग मला म्हणाले, "तुझे वडील कुठल्या विद्यापीठात शिकले?"

प्रश्न साधा होता, आवाजही सभ्य होता. पण त्यात सगळं आलं होतं. उद्या चर्चमध्ये काय बोलायचं, ते हा माणूस ह्या उत्तरावर ठरवणार होता.

"काय म्हंतोय?" आबा खालून म्हणाले.

इथे "टोपी मस्त आहे" चालणार नव्हतं. मी इंग्रजीत म्हटलं, "वर्न, माझ्याकडून चूक झाली. माझे वडील आर्किऑलॉजिस्ट नाहीत. ते उत्खननावर मजूर होते. शाळेत गेले नाहीत. नाव तेवढं लिहितात." आणि मग तेच मराठीत आबांना सांगितलं, केंटला मी काय समजू दिलं होतं ते सगळं.

आबा खोरं धरून थांबले. "मला सायब केलंस व्हय?" एवढंच म्हणाले.

वर्न म्हणाले, "मग त्यांना कसं कळतं?"

मी अनुवाद केला. आबांनी एका हातात पिशवीतली माती घेतली, दुसऱ्या हातात रेघेबाहेरची, आणि दोन्ही मुठी वर्नच्या तळहातांवर रिकाम्या केल्या. स्वतः अंगठा आणि बोटं चोळून दाखवली. वर्ननी डोळे मिटून दोन्ही हातांनी माती चोळली. आयुष्यभर माती हाताळलेला माणूस तो. मिनिटभराने डावा हात पुढे केला.

"ही नांगरटीसारखी. कालवलेली. ही कुणीतरी आधी उकरलीय."

"तेच," आबा म्हणाले. मी काही सांगण्याआधीच.

घरी येऊन आबांनी आता पातं हातात घेतलं. धारेवरून नख फिरवलं. "हे एकाच अंगानं झिजलंय. माणसाच्या अंगावर चाललेलं न्हाई हे. मातीत चाललंय, लई वरसं." मी सांगितल्यावर वर्ननी पातं उभं धरलं, टोक खाली. मग खुर्चीत बसले. पूर्वीच्या नांगरांना फाळाच्या पुढे गवताची मुळं कापायला एक उभी सुरी असायची, म्हणाले. त्यांच्या आजोबांच्या कोठारात तसा नांगर होता.

अडेलबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आबांना राहवलं नाही. "सुमे, सांग, पाटलांनी वाईट वाटून घेऊ नये. खड्ड्याच्या खाली राखंचा थर हाय, भाजल्या मातीचे गोळे हायती. पांढरी हाय ती. हितं लोक राहून गेल्यात, लई जुनी. ती कोन, ते मला न्हाई सांगता येत. पन तिला आता हात लावू नका म्हणावं. मानसं पुरलेली असत्यात. शिकलेल्या लोकान्‌ला बोलवा."

वर्न हसले, थोडेसे. ज्यांना मी खोटी पदवी दिली होती, तेच शिकलेल्यांना बोलवा म्हणत होते.

"माझा विश्वास त्या सुरीवर टेकलेला नव्हता," वर्न नंतर म्हणाले. "पण टेकायला काहीतरी मिळालं असतं तर बरं वाटलं असतं." मला ते वाक्य फार प्रामाणिक वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही निघताना ते चर्चच्या कपड्यांत, टाय बांधून अंगणात आले. हातात ते पातं, मखमल नव्हती. जाड टोकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. आज हेच दाखवणार, म्हणाले, आणि जे आहे तेच सांगणार. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं: नांगराची सुरी. ओळखणारे, आणि पुढे जागा मोकळी. पेन आबांच्या पुढे धरलं.

आबांनी आयुष्यात हजारो चिठ्ठ्या हाताळल्या होत्या. खापरांच्या प्रत्येक पिशवीत एक. साहेब लिहायचे, आबा नेऊन ठेवायचे. त्यांतल्या एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. गाडीच्या बॉनेटवर चिठ्ठी ठेवून त्यांनी सावकाश लिहिलं, एकेक अक्षर उभं करत: तुकाराम गेणू शेलार. वर्ननी ती अक्षरं निरखली आणि त्याखाली इंग्रजीत एक शब्द लिहिला.

पुलावर ह्या वेळी बोट नव्हती. नदी ओलांडून आयोवात शिरेपर्यंत आबा काचेकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, अजून रागावलेत.

"आबा, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं. मजूर म्हणायला लाज कसली? तुझ्या फीचं पैसं काय सायबांनी भरलं?" मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "पाटलानं माज्या नावाखाली काय लिवलं गं?"

"डिगर."

"म्हंजी?"

"खोदणारा."

आबा काळ्या रानाकडे बघत होते. "मग बरोबर हाय," म्हणाले.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी केंटला ते वाक्य पुन्हा सांगितलं. ह्या वेळी इंग्रजीतही ते गावातल्याएवढंच राहिलं. माझे वडील उत्खननावर मजूर होते, आणि आख्ख्या ऑफिसात त्यांच्याएवढी माती कुणाला कळत नाही. दुसरा अर्धा भाग मी जरा मोठ्याने म्हटला.