‘नामशेष’ लिहू न देणाऱ्या वत्सलाबाई

वत्सलाबाई आमच्या इतवारीतल्या दुकानात पहिल्यांदा आल्या, त्या कळकट पातेलं मागत. मी भांडेवाला माणूस. पितळ घासून चकाकवण्यात आमच्या घराण्याची हयात गेली. असलं गिऱ्हाईक बापजन्मात पाहिलं नव्हतं!

“नवं काहून नको जी, बाई?”

“नवंच दे गा, पण चकचकीत नको. जंगलात उन्हात चमकतं, पाखरं बिचकतात.”

त्यांनी नवंकोरं पातेलं घेतलं आणि शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीवर माझ्यादेखत काळं करून घेतलं. माझा जीव तीळ तीळ तुटला. पण ही बाई आहे तरी कोण, या उत्सुकतेनं पुढच्याच रविवारी मी त्यांच्यामागे रानात गेलो, तो आजतागायत जातोच आहे.

बाई सीताबर्डीजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. यंदा त्यांनी साठी पूर्ण केली. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात विद्वान मंडळी त्यांच्या संशोधनावर लिहितीलच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या एका भांडणाबद्दल.

सातपुड्याच्या डोंगरातला रानपिंगळा हा छोटासा घुबडवर्गीय पक्षी कित्येक वर्षांत कुणाला दिसलेला नव्हता. नागपुरात तेव्हा आपल्याकडच्या पक्ष्यांची सरकारी यादी तयार होत होती, आणि या पक्ष्यापुढे ‘नामशेष’ असं लिहायचं जवळजवळ ठरलं होतं. मेळघाटातल्या ज्या उतारावर तो असण्याची बाईंना आशा होती, तो उतार जंगलतोडीसाठी काढला होता. पक्षीच संपला म्हटल्यावर जंगल राखा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून यादी पक्की करायच्या बैठकीआधी बाई आम्हा हौशी मंडळींना घेऊन तिकडे निघाल्या.

आणि काय सांगू! सकाळच्या कोवळ्या उन्हात, एका जळक्या सागाच्या ढोलीबाहेर तो बसलेला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. याचं डोकं कोरं होतं! बाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली. “दिसला गा, दिसला!” त्या चक्क ओरडल्या. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मी तर एस.टी.नं परतवाडा गाठून घरी ट्रंक कॉल लावला आणि संत्रा बर्फी सांगून ठेवली.

दुसऱ्या सकाळी बाई पुन्हा त्याच सागाखाली जाऊन बसल्या. मी म्हटलं, “आता काय पाहायचं राहिलं जी?” त्यांनी नुसतं ढोलीकडे बोट दाखवलं. पाखरू बाहेर आलं, धुळीत मनसोक्त लोळलं, पंख झटकले, आणि त्याच्या डोक्यावर एकेक करून ठिपके उमटले. ढोलीतली काजळी लागली होती हो त्याला! साधाच पिंगळा होता तो. मला रडू आलं. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “चला, चहा करू.”

परतताना आमच्यातल्या काहींनी सुचवलं, की ही दुसरी सकाळ कुणाला सांगू नये. त्यात जंगलाचंच भलं आहे. बाई इतक्या संतापल्या की एस.टी.त आमच्याशेजारी बसल्यादेखील नाहीत.

बैठकीत त्यांनी उभं राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं. एक साहेब हसून म्हणाले, “मग बाई, तुम्हीच सांगता दिसला नाही. लिहू या नामशेष?”

“माझा चष्मा घरात सापडत नाही, म्हणून तो जगातच नाही असं लिहाल का?” बाईंनी वर्गात विचारतात तशा आवाजात विचारलं. “आमच्याशिवाय शोधायला कोण कोण गेलं होतं? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. मागच्या खुर्चीवरून मी टाळीच वाजवली! यादीत शेवटी ‘शोध अपुरा’ असं लिहिलं गेलं, आणि शोध पुरा होईपर्यंत त्या उताराची तोड थांबली.

बाई माणसांशीही अशाच चिवट. आमच्या घराच्या भिंतीत पिंगळ्यांनी बिऱ्हाड केलं, तेव्हा आई धास्तावली. तो आवाज अशुभ म्हणून पाखरं हाकलायला निघाली. बाई रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ अंगणात बसू लागल्या. एकदाही तिला अडाणी म्हणाल्या नाहीत. त्यांनी उंदीर पकडणारं पाखरू तिला दाखवलं, नुसतं दाखवत राहिल्या. महिन्याभरात आई गल्लीतल्या पोरांवर डाफरू लागली, “गोटे नका मारू रे, माहे पिंगळे हायेत ते!”

मंडळी, ‘शोध अपुरा’ हे दोन शब्द टिकून आहेत ते बाई दर हिवाळ्यात तो डोंगर चढतात म्हणून. त्या थांबल्या, की कुणीतरी शोध संपला असं लिहून टाकेल आणि कुऱ्हाडी निघतील. त्यांचे गुडघे आता कुरकुरतात. यंदा त्या थकतील असं आम्हाला वाटलं होतं, पण कॉलेजातून निवृत्त होताच त्यांचा निरोप आला, “आता सुट्टीची अडचण नाही. यंदा पलीकडची दरीही पाहू.”

बाई, तो उतार अजून उभा आहे. आपल्याला न दिसलेलं एक पाखरू या घडीला तिथे अंडी उबवत बसलं असेल. त्याच्यासाठी तुम्ही खूप जगा, आणि धडधाकट जगा. चढ खडा आहे.