पाणी पिऊन नीघ

जीप फाटकात उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. माझ्या बॅगेला आयने जुन्या साडीचा काठ बांधला होता, विमानतळावर ती दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून. धाकटी बहीण रोजा ओटीवर बसून रडायच्या तयारीत होती. आणि ज्यांनी निरोप द्यायचा ते बाबाच कुठे दिसेनात. ते मागे विहिरीवर होते. मोटरचं बटण दाबलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी दोराने कळशी ओढली, तांब्या भरला आणि अनवाणी पुढच्या दारी आले.

"पानी पिऊन नीघ," म्हणाले. "तिकडं समुद्राचं पानी पितात म्हने."

आमची घरची बोली कागदावर नीट उतरत नाही. जमेल तेवढी सोपी करून लिहितोय, गासवाल्यांनी हसू नये. मी तांब्या उभ्या उभ्या संपवला. आयने त्याच पाण्याची एक बाटली माझ्या हातबॅगेत सारली. युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती, कुवेतला पुन्हा माणसं हवी होती, आणि आमच्या आळीतून त्या वर्षी जाणारा मी काही एकटा नव्हतो. तुम्ही मागे राहिलात, आम्ही गेलो, काही जण पुढे कॅनडापर्यंत पोचले. हे तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय.

ज्यांना वसईजवळचं आमचं गास गाव ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं की आम्हाला मिरवायला दुसरं काही नव्हतं. वसईला किल्ला आहे. विरारला डोंगर आणि डोंगरावर देवी. आगाशीची केळी लोक नावाने मागतात. गासात एक चर्च, भातशेती, भाजीच्या वाड्या, पानवेली, आणि पाणी. पण पाणी असं, की लग्न करून आमच्या गावात आलेल्या सुना माहेरी गेल्या की तिथल्या चहाला नावं ठेवायच्या. पाहुणा आला तर आधी पाणी, आणि तो पहिला घोट घेईपर्यंत घरातलं कुणी बोलायचं नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. "गोड हाय," असं तो म्हणाला की मगच त्याची विचारपूस. बाबा तर इतके नाकाने कांदे सोलायचे, की शेजारच्या आळीतलं पाणी त्यांना "जरा जड" लागायचं. दोन्ही विहिरींत अंतर केवढं, तर हाक मारली की ऐकू येईल एवढं.

कुवेतला मी एका कंपनीच्या गोदामात हिशेबनीस होतो. सालमियात आम्ही काही जण एका फ्लॅटमध्ये राहायचो. आयची बाटली मी पुरवून पुरवून प्यायलो आणि शेवटचा घोट राहिला तेव्हा पाण्याला वास यायला लागला होता, तरी प्यायलो. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्साही शुक्रवारीच. मिस्सा झाली की आपल्याकडची माणसं आमच्या फ्लॅटवर जमायची. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, खुबूसच्या रोट्या आणायचे, कुणीतरी मच्छी करायचं, आणि जेवताना एकच विषय: कुणाचा भाग भारी.

पापडीची सिल्विया नर्स होती. ती पापडीच्या बाजाराबद्दल बोलायला लागली की सुक्या मच्छीपासून सुईदोऱ्यापर्यंत सगळं डोळ्यांपुढे उभं करायची. हरेश चिंचोटीचा, मुदीरच्या, म्हणजे कंपनीच्या साहेबाच्या, गाडीवर ड्रायव्हर. त्याचा एकच हुकमाचा पत्ता, धबधबा. "पावसात या," तो म्हणायचा, "तुमच्या विहिरी काय घेऊन बसलात, आमच्याकडं डोंगरातून फुकट पडतं." त्याच्यापुढे बोलणं कठीण होतं. तरी मी आमच्या विहिरीची बाजू लावून धरायचो.

विरारचा प्रकाश बरेच दिवस नुसता ऐकायचा. त्याचे आईवडील मालवणकडचे, आधी मुंबईत भाड्याने, मग विरारला स्वतःचा फ्लॅट. एका शुक्रवारी आम्ही त्याला डिवचलं की तुझ्या विरारला बिल्डिंगांशिवाय आहे काय. तो जरा ताठ बसला.

"आमच्या मजल्यावर चार घरं आणि चारही दारं दिवसभर उघडी. चतुर्थीला कुणाचे मोदक कुणाच्या ताटात, पत्ता लागत नाही. गॅलरीतून देवीचा डोंगर. आणि पाणी म्हणशील ना, तर तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. टँकर आला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली. भांडणं, शिव्या, सगळं. पण पाणी साखर! गासचं पाणी रे. माझी आई म्हणते, विरारला येऊन काही मिळालं असेल तर या पाण्याची चव."

तो हे माझं कौतुक म्हणूनच बोलला होता. मला राग आला आणि त्याच क्षणी छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीची मला अजून चीड येते. प्रकाशवर मात्र रागावता आलं नाही. त्याची आई गुडघ्यांनी अधू, लिफ्ट नाही, ती चार मजले बादली चढवायची. त्या बाईने काय करायचं होतं?

टँकर मी निघालो तेव्हाच गावात यायला लागले होते. बाबांच्या चुलतभावाने, इनासकाकाने, पहिल्यांदा विहिरीला मोठा पंप लावला. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. वाटेवरच्या धुळीला सकाळ-संध्याकाळ चिखलाच्या दोन पट्ट्या. बाबांकडेही टँकरवाल्यांचा माणूस आला होता. त्याला त्यांनी ओटीवर बसवलं, रीतीप्रमाणे पाणी दिलं, आणि तो "गोड आहे" म्हणाल्यावर सांगितलं, "म्हनून प्यायला दिलं. पानी म्हंजे काय कोंबडी हाय इकायला?" गावात सभा झाल्या, बाबा सगळ्या सभांना गेले. इनासकाका एवढंच म्हणायचा, "माझ्या विहिरीतलं माझं. तुझं तू झाक."

पण जमिनीखाली कुणी कुंपण घातलेलं नसतं. चहूबाजूंनी उपसा वाढला, जुनी बावखलं भराव टाकून बुजवली गेली, आणि आपला समुद्र काही लांब नाही. पावसाळ्यात पाणी साठवून ठेवणारी ती तळी गेली आणि गोड्या पाण्याच्या रिकाम्या जागेत खारं पाणी सरकलं. बाबांनी पाणी विकलं नाही. ज्यांनी विकलं त्यांचं गेलं तसंच बाबांचंही गेलं, फक्त त्यांना बदल्यात काही मिळालं नाही.

हे मला फोनवर कुणी सांगितलं नाही. आय विचारायची, जेवलास का, मिस्सेला जातोस का. मी विचारायचो, विहिरीला पाणी आहे ना. ती म्हणायची, "हाय की. भरलीय." खोटं नव्हतं ते. विहीर भरलेलीच होती.

रोजाचं लग्न ठरलं तेव्हा मी आलो. ओटीवर बसलो आणि हात पुढे केला. आय आतून पाणी घेऊन आली, ते प्लास्टिकच्या कॅनमधलं होतं. मला वाटलं, मी बाहेरून आलो म्हणून माझ्या पोटाची काळजी घेतेय. मी हसून मागे गेलो आणि विहिरीत कळशी टाकली. घोट घेतला. समुद्रात पोहताना तोंडात जातं तेवढं खारं नव्हतं, पण गिळवेना. मागे वाडीत केळीची पानं कडांनी जळल्यासारखी तपकिरी झाली होती. पानवेलींच्या जागी नुसते खांब उभे होते. बाबा गोठ्याच्या दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते, लहानपणी आम्ही पाहुण्यांच्या तोंडाकडे बघायचो तसे. मी कळशी तशीच कठड्यावर ठेवली. ते आत गेले.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून, उंबराची फांदी घेऊन, गाणी म्हणत घरच्या विहिरीवर जातात. त्या पाण्याने नवरीची आंघोळ होते. ते उंबराचं पाणी. आमच्या घरात त्यातूनच थोडं काढून भाताची पहिली हंडीही चढवतात. आयची आंघोळ त्या पाण्याची नाही, ती दुसऱ्या गावची. पण बाबांच्या आईची, आत्यांची, सगळ्यांची याच विहिरीची. बाबांनी लग्न ठरल्यापासून एकच धरून ठेवलं होतं: रोजा आपल्या विहिरीच्या पाण्याने निघणार. आय म्हणाली, "माझी पोर खाऱ्या पान्यानं न्हाऊन सासरी जानार नाय." दोघंही आपल्या जागी बरोबर होते आणि दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. रोजा मला म्हणाली, "दादा, मी नळाच्या पाण्यानं आंघोळ करते ना, यांना सांग कुणीतरी." आमच्याकडे तेव्हा नळही आला नव्हता.

तोड काढली इनासकाकाने. त्याची विहीर कधीच खारी झाली होती, पण टँकर होता. आता तो दुसऱ्यांच्या गावातून भरून आणायचा. तो ओटीखाली उभा राहूनच म्हणाला, "विहिरीत गोडं पानी टाकू. तुझी रीत राहील, हिचीपन राहील." बाबा हो म्हणाले नाहीत, पण उठून फाटक त्यांनीच उघडलं. ज्या माणसाने आयुष्यभर टँकरला वाडीत चाक टेकू दिलं नाही त्याने वाटेतल्या कुंड्या स्वतःच्या हाताने बाजूला केल्या. माझ्याच्याने ते बघवलं नाही.

टँकर मागे लावला, पाइप विहिरीत सोडला. ड्रायव्हर परप्रांतातला, उत्साही होता. "एकदम मीठा पानी है अंकल, चिंचोटी साइड का," तो बाबांना म्हणाला. मला हरेश आठवला. त्याच्या डोंगरातून फुकट पडणारं पाणी आमच्या विहिरीत धो धो पडत होतं, आणि जवळच उभ्या बायका कौतुकाने बघत होत्या. सरळ टँकरच्या पाइपाखाली घागरी धराव्या, हे त्या क्षणी एकाच्याही डोक्यात आलं नाही. येणारच नाही. आमच्याकडे पाणी विहिरीतून काढलं तरच ते उंबराचं होतं.

टँकर रिकामा होऊन गेला. बँड आला, बायका आल्या, आत्याने फांदी हातात धरली, गाणी सुरू झाली. पहिली घागर वर आली. आयने ओंजळ भरून तोंडाला लावली. मग तिने ती घागर कडेवर घेतली आणि चालायला लागली, गाणं न थांबवता. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. आमच्या आडात मात्र खारं पाणी होतं, भरपूर होतं. एका टँकरने त्याला काय फरक पडणार?

रोजाची आंघोळ त्याच पाण्याने झाली. भाताची हंडीही चढली. पंगतीत पहिला घास घेतल्यावर सगळ्यांनी पानातल्या भाताकडे पाहिलं. गावातलं प्रत्येक घर ती चव ओळखत होतं. मग कुणीतरी लोणचं मागितलं आणि जेवणं पुढे सरकली. इनासकाका शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने भात दोनदा घेतला.

मी परतायला निघालो त्या दुपारी जीप नव्हती, फाटकात टॅक्सी होती. रोजा सासरी. आय बॅगेला काठ बांधत होती. बाबा या वेळी मागे गेले नाहीत, ओटीच्या खांबाला टेकून बसले होते. सवयीने मी थांबलो. किती वेळ थांबलो कुणास ठाऊक, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बाबांनी मान वर केली.

"नीघ," म्हणाले. "पानी तिकडं जाऊन पी."

कुवेतला पहिल्याच शुक्रवारी प्रकाशने लग्नाचं विचारलं, मी फोटो दाखवले. त्याची आई म्हणे हल्ली तक्रार करते, आता धरणाचं पाणी येतं नळाला, चार मजले चढायला नको, पण चहाला ती चव नाही. हरेश म्हणाला की त्यांच्याकडेही टँकर फिरायला लागलेत. धबधब्याचं काय, तो तर पावसातच असतो. सिल्वियाने विषय बदलला. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखा म्हणालो, आमचं पाणी. प्रकाशने जोरात मान डोलावली. त्या चवीला गावाबाहेरचे साक्षीदार म्हणून आता तो आणि त्याची आई उरले आहेत.

इथे नळ सोडला की समुद्र गोड होऊन येतो, मी तो पितो. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजूनही गासच सांगतो. सुट्टीला जातोही. फक्त जाताना वाटेत नाक्यावर टॅक्सी थांबवतो आणि आयबाबांसाठी पाण्याचा खोका घेऊन घरी जातो.