बाजूचा प्लॉट
अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी बसली की धरणात गेलेलं आमचं गाव आठवतं. तिथे आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरात एकच भिंत होती. पुनर्वसनात चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, आणि काकू नव्या वस्तीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. पहिल्याच दुपारी त्या भाजीची वाटी घेऊन उन्हातून आल्या. “येता येता भाजी थंडी झाली वं,” म्हणाल्या आणि रडू लागल्या. आई त्यांना घेऊन आमच्या बाजूच्या प्लॉटवर गेली. तिथे गावातलेच एक भाऊजी बंडीतून विटा उतरवत होते. काकूंकडे हात करून ती म्हणाली, “भाऊजी, हा प्लॉट यायले देता का? यायचा तुमी घ्या.” “बैल सोडले नाई अजून,” म्हणत भाऊजींनी विटा परत बंडीत भरायला घेतल्या. मागच्या वर्षी आई गेली. मी शहरातून पोचेपर्यंत काकू तिच्या उशाशी बसून होत्या.